मास्तरांचं सॉफ्ट पाणी

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक ऑर्किड आहे. चार जाड पानं, आरपार दिसणारी प्लास्टिकची कुंडी, तिच्यात मातीऐवजी लाकडाच्या साली आणि कडेनं बाहेर लोंबणारी राखाडी मुळं, एवढाच त्याचा संसार. दोन हिवाळे गेले, फूल नाही. मीही त्याला काही बोलत नाही. सकाळी उठून डबे भरायचे, सातची बस धरायची, सुरतेजवळच्या पलसाण्याच्या कापडाच्या मिलमध्ये वाफेत दिवस काढायचा आणि उधन्याला परत येऊन पुन्हा गॅससमोर उभं राहायचं. यात झाडाशी बोलायचं त्राण कुणात उरतं? गुरुवारी पाणी घालते आणि पुढच्या गुरुवारपर्यंत विसरून जाते.

ज्यांचं हे झाड, ते गावी परतताना माझ्याकडे ठेवून गेले. ते त्याच्याशी रोज बोलायचे. बोलायचे कसले, झापायचे. "खातोस पितोस आणि नुसती पानं काढतोस, लाज नाही वाटत?" असं.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. कापडाला कोणता रंग किती घालायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे मिलमध्ये कलर मास्टर, त्याचं बोलण्यात मास्तर झालेलं. पण गल्लीत नवी आलेली माणसं त्यांना शाळामास्तर समजायची. एकदा एक बाई मुलाचा गणिताचा पेपर घेऊन आली, म्हणाली, मास्तर, जरा बघा ना, एवढे कमी मार्क कसे पडले. मास्तर सातवी नापास. त्यांनी पेपर हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटसुलट केला आणि गंभीरपणे सांगितलं, "शाई फिकी आहे. पेन बदला." बाई समाधानानं घरी गेली.

मी नंदुरबारकडची. बी.एस्सी. केमिस्ट्री झाले, लग्न होऊन सुरतेला आले आणि मिलच्या लॅबमध्ये मास्तरांच्या हाताखाली लागले. पहिल्या दिवशी त्यांनी ना सर्टिफिकेट बघितलं ना नाव विचारलं. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. "चाख."

मी दोन घोट प्यायले.

"काय आहे?"

"पाणी."

"अगं, ते म्हशीलाही कळतं. कुठलं?"

मला काय डोंबल सांगता येणार! त्यांनी ग्लासात बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले. "कॅनॉलचं. काल बोअरचं होतं. आज निळा एक थेंब कमी लागेल." आणि मग अहिराणीत म्हणाले, "रंग पानीमा ऱ्हास, पुडीमा नई." रंग पाण्यात असतो, पुडीत नाही. हे वाक्य पुढच्या अकरा वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही बडबडत असेन.

पाणी दिसलं की त्यांचं बोट आत गेलंच म्हणून समजा. लग्नाच्या पंगतीत, देवळात, बसस्टँडवरच्या माठात. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्याकडे जायच्या आधी स्वयंपाकघरात शिरले, बोट चाटलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावई, टाकी धुवा." नवरा आठवडाभर फुगून बसला होता. टाकी धुतली मात्र, आणि तिच्यात मेलेली पाल निघाली.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे लॅबमध्ये "चालशे" हा शब्द बंद. सुरत शहर या एका शब्दावर चालतं. कापडाचा रंग नमुन्यापेक्षा जरा इकडेतिकडे झाला की शेठ म्हणणार, चालशे. व्यापारी म्हणणार, चालशे. चालेल हो, घेऊ चालवून. मास्तरांसमोर कुणी असं म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. "रंग बसला, नाहीतर नाही बसला. मधलं काय असतं? चालशे म्हणायचं असेल तर खाली जाऊन भाजी विक." शेठसमोरसुद्धा त्यांनी हे ऐकवलं होतं, गुजरातीतून. शेठ हसले होते, कारण मास्तरांच्या डोळ्यांसारखे डोळे पलसाण्यात नव्हते. दोन काळ्यांमधला फरक ते दारातून सांगायचे.

तर अशा या माणसाला एका दिवाळीला रंगाच्या एजंटानं मिठाईच्या डब्याऐवजी हे झाड आणून दिलं. मी बसमध्ये ते मांडीवर घेऊन उधन्याला आणलं. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे मावशींनी, दारातच डोक्याला हात लावला. "आते या पाव्हनाले काय खावाले देवानं?" आता या पाहुण्याला खायला काय द्यायचं? माती नाही, वास नाही, आणि एका बारीक दांडीवर सात फुलं. तेव्हापासून त्या झाडाचं नाव पाव्हना पडलं.

फुलं पांढरी होती. नुसती पांढरी नाही, नीळ देऊन वाळत घातलेल्या धोतरासारखी. मास्तर त्यांच्यासमोर पाट टाकून बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "क्रीम. चांगला बसलाय क्रीम."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत.

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी मावशींकडे. मास्तर एखाद्या रंगाला क्रीम म्हणाले की तो क्रीम, अशी आम्हा सगळ्यांनाच सवय लागलेली होती.

पुढच्याच महिन्यात आकाशी साड्यांचा एक अख्खा लॉट परत आला. मास्तरांनी पास केलेला. गठ्ठा उघडला तर कापड हिरवट मारत होतं. माझ्या मुलीनंही सांगितलं असतं. मास्तर म्हणाले, ट्यूबलाइट खराब आहेत. सगळ्या ट्यूबलाइट बदलून घेतल्या. नव्या उजेडात पुन्हा बघितलं, पुन्हा म्हणाले, बसलाय की. मास्तरांचे डोळे आता फसवताहेत, हे त्या दिवशी मला कळलं.

मी काय केलं ते सांगते. मास्तर वहीत लिहून द्यायचे, कोणता रंग किती. त्याप्रमाणे खाली कापड रंगायचं. मी वही खाली पाठवायच्या आधी फिक्या रंगांचे नमुने स्वतः पुन्हा रंगवून बघायला लागले आणि चुकलेल्या आकड्याशेजारी पेन्सिलनं बारीक आकडा घालायला लागले. शाईचा आकडा मास्तरांचा, पेन्सिलचा माझा. खालची माणसं पेन्सिलचा वाचायची. घरी जायला रोज उशीर व्हायचा, सासूबाई तोंड फिरवून बसायच्या. सांगणार काय? आणि कुणाला?

मावशींनी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, पण पिकत चाललाय, फार लांबवलंत तर अवघड होईल, कदाचित दृष्टी पूर्ण परत येणार नाही. मास्तर मान डोलावत घरी आले. त्याच आठवड्यात ऑर्किडचं शेवटचं फूल गळलं होतं. ते फूल हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, "याला परत फूल आलं की ऑपरेशन. त्याच दिवशी."

मावशी कच्च्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याला तुळशीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. मास्तरांनी घेतली. शब्द फिरवणारा माणूस नव्हे तो. म्हणजे आता त्यांचे डोळे त्या चार पानांच्या झाडावर येऊन टेकले. फूल आलं तर डोळे, नाहीतर अंधार.

मग सुरू झालं ते फूल आणायचं कारखाना-काम. मास्तरांनी झाडाजवळ मिलमधलं जुनं थर्मामीटर टांगलं. साली मऊ पडल्या का बघायला रोज एक काढून दाताखाली चावायचे. फुलांचा जुना दांडा कुठून कापायचा यावर आम्ही दोन दिवस वाद घातला आणि शेवटी डोळ्याच्या वर, म्हणजे दांड्यावर जी गाठ असते तिच्या वर, कापला. "डोळा राखून काप हां," मास्तर मला म्हणाले.

दर पंधरा दिवसांनी सकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. "केमिस्ट, कोंब!" मी पोळी तव्यावर टाकून दोन गल्ल्या पळत जायचे. बघावं तर मूळ. नवीन मूळ, गोल टोकाचं, हिरवं. "मास्तर, मूळ आहे." "नीट बघ." "नीट बघितलं, मूळच आहे." मग ते झाडाला शिव्या घालायचे, मावशी चहा टाकायच्या आणि माझी पोळी तिकडे जळायची. सांगायला लाज वाटते, पण मला त्या झाडाचा संताप यायला लागला होता. मास्तरांचाही यायचा.

एक दिवस ते मिलमध्ये आलेच नाहीत. दुपारी उगवले, घामाघूम, हातात पिशवी. पिशवीत उसाचं चिपाड. म्हणाले, मुद्दाम बारडोलीला गेलो होतो, साखर कारखान्यावरून झाडासाठी आणलं, कुंडीत घालायला. मी मान डोलावली. बसवरची पाटी त्यांना वाचता आली नव्हती, पलसाण्याऐवजी बारडोलीला उतरले होते, हे त्यांच्या चपलांवरच्या धुळीवरूनही कळत होतं. ते चिपाड कुंडीत घातलं तर चार दिवसांत बुरशी धरली, मग आम्ही सगळं उपसून पुन्हा साली भरल्या.

त्याच सुमारास मी फोनवर वाचलं की ऑर्किडला सॉफ्ट पाणी द्यावं. मी लॅबमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तर हातातली नळी धरून थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "सॉफ्ट पाणी? ते तर आपल्याकडे ढीगभर."

खरंच होतं. सॉफ्ट पाण्याशिवाय रंग नीट चढत नाही, म्हणून मिलमध्ये पाणी सॉफ्ट करायचं अख्खं यंत्र आहे. त्या दिवसापासून दर शनिवारी मी पाच लिटरचा कॅन भरून बसमधून उधन्याला नेऊ लागले. कंडक्टर विचारायचा, बेन, काय आहे? मी म्हणायचे, तीर्थ. मास्तर त्या पाण्यानं झाडाला आंघोळ घालायचे. पण एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. गावभरचं पाणी चाखणाऱ्या त्या माणसानं या कॅनमधल्या पाण्याला कधी जीभ लावली नाही.

दोन महिने गेले, झाड होतं तसंच. मास्तर म्हणाले, आठवड्यातून दोनदा देऊ. मला वाटलं, केवढी माया! मी दोन कॅन वाहायला लागले. खांदा धरला, पण वाहिले.

डिसेंबरात सुरतेला जी काय नावापुरती थंडी पडते ती पडली. मावशींनी झाड गॅलरीत हलवलं. एका शनिवारी मी कॅन घेऊन गेले तेव्हा मास्तर दाढी करायला गेले होते. मावशींनी हात धरून मला गॅलरीत नेलं आणि झाडावरचा ओला रुमाल बाजूला केला. पानाच्या बगलेतून एक कोंब निघाला होता. याचं टोक गोल नव्हतं, चपटं होतं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं. मूळ नव्हे, फुलाचा दांडा.

"मावशी!" मी ओरडलेच. "सॉफ्ट पाणी लागू पडलं!"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी मूर्ख झाले. त्यांनी मला जिन्यानं खाली नेलं. घराखाली मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या मागच्या भिंतीला एसीची नळी, नळीतून थेंब थेंब पाणी, आणि खाली मावशींची बादली.

"हाई पानी शे," त्या म्हणाल्या. झाडाला जातं ते पाणी हे.

"आणि कॅनमधलं?"

"मोरीमा."

त्या पहिल्या दिवसापासून कॅन मोरीत ओतत होत्या आणि बादलीतलं पाणी कॅनमध्ये भरून ठेवत होत्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "मिलनं पानी तुयसले टाकू नको, मीठ ऱ्हास त्यामा. त्येस्नीच सांगेल शे मले. वीस वरीस व्हई गयात." मिलच्या पाण्यात मीठ असतं, ते तुळशीला घालू नकोस, असं वीस वर्षांपूर्वी मास्तरांनीच त्यांना सांगितलं होतं.

मी कपाळावर हात मारला. दर आठवड्याला त्या यंत्रात मिठाची पोती रिकामी होताना मी स्वतः बघते. पाणी सॉफ्ट होतं ते मिठानं. फोनवरचं सॉफ्ट पाणी म्हणजे पावसासारखं पाणी, आमचं सॉफ्ट म्हणजे मिठाचं. बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि एका शब्दाला फसले! अशी चूक रंगाच्या मिलमधलं माणूसच करू जाणे. पण ती चूक माझी होती. मास्तर चुकले नव्हते. तुळस जळते हे ठाऊक असलेला माणूस आठवड्यातून दोनदा झाडाला तेच पाणी घालत होता.

"असं का करावं, मावशी?"

मावशी बादलीकडे बघत होत्या. "भ्याव वाटस त्येस्ले," त्या म्हणाल्या. "कापाकापीनं नही. मांगे काय काय चुकनं ते दिसी, त्यानं." भीती ऑपरेशनची नव्हती. नजर परत आली की मागे काय काय चुकलं ते दिसेल, त्याची होती. मावशींना राग आलेला नव्हता. त्या फक्त फार दमलेल्या दिसत होत्या, आणि मला एकदम माझंच तोंड आरशात बघितल्यासारखं झालं.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी मावशींचा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होते. "अशीच ये." बस समोरून गेली आणि मी गेले.

मास्तर फुलासमोर उभे होते. नाक टेकेल एवढं जवळ तोंड नेऊन बघत होते. "क्रीम," म्हणाले. मग ते हळूच खाली उकिडवे बसले, कॅनचं झाकण काढलं, बोट आत घातलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. पुन्हा घातलं, पुन्हा लावलं.

"गोड शे," ते म्हणाले.

"हां," मावशी म्हणाल्या.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. शेवटी मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उठले. "टॉवेल अन् तांब्या पिशवीत टाक," म्हणाले. "शपथ घेतली आहे." आणि ते त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन दाखल झाले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला निरोप धाडला, नमुन्यांची वही घेऊन ये. त्या वहीत प्रत्येक पानावर रंगाचा तुकडा चिकटवलेला, शेजारी शाईचा आकडा, आणि सव्वा वर्षाचे माझे पेन्सिलचे आकडे.

मी गेले तेव्हा ते घरी खाटेवर बसले होते, काळा चष्मा हातात. झाडावर आता तीन फुलं होती. ते नव्या डोळ्यावर हात धरत होते, काढत होते. "क्रीम," म्हणायचे. हात काढून, "पांढरं." पुन्हा, "क्रीम. पांढरं." मग माझ्याकडे न बघता त्यांनी वहीसाठी हात पुढे केला.

त्यांनी मागून पुढे पानं उलटली. आकाशी आला तिथे बोट थांबलं. "हा पेन्सिलचा कुणाचा?"

"माझा."

"हा?"

"माझा."

"हापण?"

मी मान हलवली. ते तुकडे उजेडाकडे धरून बघत राहिले, एकेक, खालून वरून. "बसलाय," म्हणाले. दुसरं पान. "बसलाय गं." तिसरं. "हाही बसलाय." "मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली," मी म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्हाला लॅबमधून उठवलं असतं. मला नको होतं ते." आणि मी रडायला लागले, घोड्यासारखी मोठी बाई, त्यांच्या खाटेच्या कडेला बसून.

मावशी झाडाला पाणी घालत होत्या. मास्तर त्यांच्याकडे वळले. "तू पानी बदललं, हिनं रंग बदलला. मंग मी काय करी राह्यनू व्हतू?"

"झाडवर वरडी राह्यनात," मावशी म्हणाल्या.

मास्तरांना हसू आलं की काय झालं कळलं नाही. ऑपरेशनच्या डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नसतं, म्हणून मावशी धावल्या, पदरानं गाल पुसला, डोळ्याला हात लागू दिला नाही. मास्तरांनी वही मिटली. ती मांडीवर ठेवून दोन्ही हात तिच्यावर ठेवले. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून तोंड दाखवू नकोस. मला वाटलं, म्हणाले तर बरंच, सुटेन मी.

"चालशे," मास्तर म्हणाले.

अकरा वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मावशींनीही ऐकला नसावा. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारायला डॉक्टरांना फोन लावला.